टायमिंग बेल्ट सरकला तर: तपासणीपासून पहिल्या स्टार्टपर्यंत

चालती गाडी एकदम बंद पडते. किल्ली फिरवली की सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरात गरगरतो, पण इंजिन पकडत नाही. हे टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा, तुटल्याचं किंवा त्याचे दात सोलले गेल्याचं लक्षण आहे. कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) फिरत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) नीट तयार होत नाही, म्हणून सेल्फवर भारच येत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. इंजिन सुरू होतं, पण थरथरतं, ओढत नाही, एअर फिल्टरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि मीटरवर इंजिनचा दिवा लागतो. इथे बेल्ट जागेवर असतो, पण एक-दोन दात सरकलेला असू शकतो.

दोन्ही वेळी पहिली पायरी एकच: किल्ली काढा आणि पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून, ओढून किंवा उतारावर गिअर टाकून गाडी सुरू करायचा मोह टाळा. बेल्ट सुटताना जे व्हॉल्व्ह वाचले, ते अशा प्रयत्नात वाकू शकतात. गाडी न्यूट्रलमध्ये टो करून न्या. ऑटोमॅटिक असेल तर इंजिनच्या जोरावर फिरणारी चाकं उचलून न्या.

आत काय घडतं

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. क्रँकच्या चाकाला २० दात असतील तर बेल्ट एक दात सरकला की टायमिंग क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांनी चुकतं. २४ दात असतील तर १५ अंशांनी. एका दाताच्या चुकीवर बरीच इंजिनं रडतखडत चालतात. दोन दातांवर काय होईल ते त्या इंजिनातल्या मोकळ्या जागेवर ठरतं. तीन किंवा जास्त दात गेले असतील तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडलेत असं धरूनच पुढे जा.

अर्थात हे इंटरफिअरन्स प्रकारच्या इंजिनाबद्दल. या इंजिनात पिस्टन वर आलेला असताना जी जागा तो घेतो, तीच जागा पूर्ण उघडा व्हॉल्व्हही घेतो. दोघांची टक्कर फक्त बेल्टमुळे टळते. फ्री-रनिंग इंजिनात दोघांमध्ये अंतर राहतं, आणि बेल्ट तुटला तरी नवा बसवून गाडी चालू होते. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की पिस्टन वर आल्यावर हेडखाली (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) फारच थोडी जागा उरते, त्यामुळे डिझेल म्हटलं की इंटरफिअरन्सच समजा. पेट्रोलमध्ये मात्र एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांत फरक असू शकतो. गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका, इंजिन कोडवरून (इंजिनाचा प्रकार सांगणारा क्रमांक) मॅन्युअलमध्ये बघा.

बेल्ट घसरतो तेव्हा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला अडवून धरतात आणि क्रँक पुढे निघून जातो, म्हणून बहुतेक वेळा कॅम मागे पडतो. कॅम मागे पडला की एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि वर येणारा पिस्टन त्याला ठोकतो. कॅम पुढे गेला असेल तर इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि तो सापडतो. सरकण्याची दिशा कळली की नुकसान आधी कुठे शोधायचं तेही कळतं.

उघडण्याआधी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना अडण लावा, गाडी उचलायची तर जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. सॉकेट सेट, लांब दांड्याचा रॅचेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), प्लगच्या भोकातून जाणारा छोटा कॅमेरा, लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा सोडून गळती मोजणारा) आणि त्याच इंजिन कोडचं मॅन्युअल एवढं जवळ हवं. बऱ्याच आडव्या इंजिनांत टायमिंगच्या बाजूचा माउंट (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) काढल्याशिवाय बेल्टपर्यंत हात पोचत नाही. माउंट सोडण्याआधी ऑइल पॅनखाली जाड लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनला आधार द्या. पॅनवर थेट जॅक टेकवला तर पत्रा आत जातो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला चिकटतो.

स्कॅनर असेल तर गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून लिहून ठेवा, लगेच पुसू नका. पी ००१६ ते पी ००१९ हे कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचं सांगतात. मात्र खराब सेन्सर, त्याची वायर किंवा व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारं युनिट अडकलं तरी हेच कोड येतात. कोड ही खूण आहे, पुरावा वरचं कव्हर उघडल्यावर मिळतो.

वरचं कव्हर काही बोल्ट आणि क्लिपांवर असतं. ते काढून टॉर्चच्या उजेडात बेल्ट बघा. दात मुळापासून कापले गेलेत का, पाठीवर भेगा आहेत का, कडा झिजून धागे निघालेत का, ऑइल किंवा कूलंटचा ओलावा आहे का. क्रँकजवळचे दात सपाट झालेले असतील तर बेल्ट वर चांगला दिसूनही खाली घसरत असतो, त्यामुळे वरचा तुकडा बघून निर्णय देऊ नका.

खुणा जुळवणं

सगळे स्पार्क प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग. कॉम्प्रेशन निघून गेलं की क्रँक हाताने सहज फिरतो आणि काही अडलं तर ते हाताला लगेच कळतं. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टला सॉकेट लावून इंजिनच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. काही जुनी होंडा इंजिनं उलट फिरतात. कॅमच्या बोल्टने इंजिन कधीही फिरवू नका. फिरवताना टणक अडथळा लागला तर तिथेच थांबा. जोर लावून पुढे नेलं तर तुमच्याच हाताने व्हॉल्व्ह वाकेल.

पहिला पिस्टन वर आणून क्रँकची खूण जुळवा आणि कॅमची खूण बघा. कॅमची खूण बरोबर उलट्या बाजूला दिसली तर घाबरू नका. क्रँकची खूण कॅमच्या एका फेऱ्यात दोनदा जुळते, क्रँक आणखी एक फेरा फिरवा. त्यानंतरही कॅमची खूण बाजूला राहत असेल तर किती दात आणि कोणत्या दिशेला ते मोजा, कागदावर लिहा, फोटो काढा.

इथे नवशिक्यांना फसवणारी एक जागा आहे. पुलीच्या बाहेरच्या कड्यावरची खूण भरवशाची नसते, कारण कडं आणि मधला भाग रबराने जोडलेले असतात आणि जुनं रबर सुटून कडं फिरलेलं असू शकतं. पुली काढून क्रँकच्या दातेरी चाकावरची खूण ब्लॉकवरच्या खुणेशी जुळवा, तीच खरी.

बेल्ट तुटलाच असेल तर क्रँक थेट वर आणायचा नाही, कारण कॅम कुठे थांबलाय ते माहीत नसतं. चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या इंजिनात आधी चारही पिस्टन मधोमध आणता येतात. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकांत सरळ, लांब, सारख्या मापाच्या दोन लाकडी काड्या उभ्या सोडा. त्या आत पडणार नाहीत इतक्या लांब हव्यात आणि भोक तिरकं असेल तर फिरवताना अडकू देऊ नका. क्रँक हळूहळू फिरवताना एक काडी वर येते, दुसरी खाली जाते. दोन्ही सारख्या उंचीवर आल्या की क्रँक वरच्या टोकापासून ९० अंशांवर आहे आणि एकही पिस्टन व्हॉल्व्हच्या वाटेत नाही. वाटेत अडथळा लागला तर दिशा बदलून याच जागी या. आता कॅमवरच्या षटकोनी भागाला पाना लावून कॅम खुणेवर आणा आणि पाना घट्ट धरा, कारण स्प्रिंगमुळे कॅम झटक्याने उडी मारतो. कॅम लागला की क्रँक जवळच्या बाजूने ९० अंश फिरवून पहिला पिस्टन वर आणा. तीन सिलिंडर आणि व्ही प्रकारच्या इंजिनांत ही युक्ती लागू होत नाही. तिथे सुरक्षित कोन मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

व्हॉल्व्ह वाकले की वाचले

नवा बेल्ट टाकून सेल्फ मारून बघू, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. त्याआधी सेल्फ न मारता बरंच काही कळतं.

प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडून पिस्टनचा माथा बघा. काळ्या कार्बनवर व्हॉल्व्हच्या कडेची चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसली तर टक्कर झालेली आहे. खूण एक्झॉस्टच्या बाजूला की इनटेकच्या, तेही लिहा. पण खूण न दिसणं म्हणजे व्हॉल्व्ह वाचले असं नाही, हलक्या धक्क्याची खूण कार्बनमध्ये लपते.

मग खुणा जुळवून बेल्ट तात्पुरता चढवा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडलं नाही तर लीक-डाउन चाचणी घ्या. ज्या सिलिंडरची चाचणी आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आलेला हवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. रॅचेट क्रँकवरून आधी काढा, कारण हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला जाऊन रॅचेट हातावर किंवा रेडिएटरवर आदळू शकतो. साधारण ६ ते ७ बार हवा सोडा आणि गळती किती टक्के ते वाचा. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० पर्यंत चालतं, ३० च्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं. जास्त वाकलेल्या व्हॉल्व्हमधून जवळजवळ सगळीच हवा गळते आणि फुसफुसत बाहेर पडताना स्पष्ट ऐकू येते. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर याच क्रमाने क्रँक प्रत्येकी १८० अंश फिरवत चारही सिलिंडर तपासा.

एखाद्या सिलिंडरला मध्यम गळती दिसली तर इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा मोजा, कधीकधी कार्बनचा कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेला असतो. गळती तशीच राहिली तर व्हॉल्व्ह थोडा वाकलाय असंच समजा. अशी गाडी सुरू होते, आयडलिंगला मिसफायर करते आणि काही काळ चालतेही, पण नीट न बसणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला देऊ शकत नाही आणि जळतो. वाकलेल्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात.

टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्हमधला तुकडा) गॅपही बोलका असतो. वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याचा दांडा खाली राहतो, म्हणून तिथला गॅप बाकीच्यांपेक्षा वाढलेला दिसतो. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर तो हा फरक भरून काढतो, तिथे फीलर गेज उपयोगाचा नाही. डिझेलमध्ये रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) तुटलेत किंवा जागेवरून निसटलेत का ते व्हॉल्व्ह कव्हर काढून पाहाच.

हे सगळं चांगलं आलं तरच इंधन आणि इग्निशन तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फवर कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १४ बार येतो, डिझेलमध्ये २० ते ३० बार. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा, पण सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त नको. सगळ्या सिलिंडरांचा आकडा सारखाच कमी आला तर व्हॉल्व्हपेक्षा आधी टायमिंगवर संशय घ्या.

हेड काढावं लागलं तर

हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराला सोबत घ्या. बेल्ट शिकत शिकत बदलता येतो, हेड बसवताना झालेली चूक मात्र सगळं पुन्हा उघडायला लावते. कूलंट काढा, हेडचे बोल्ट बाहेरून मध्याकडे थोडे थोडे सैल करा. बोल्ट काढण्याचा क्रम चुकला की हेड वाकू शकतं.

काढलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्ह मिटलेले असताना हेड उलटं धरून ज्वलनकक्षात रॉकेल भरा आणि पोर्टमध्ये बघा. झिरपलं तर तो व्हॉल्व्ह बसत नाही. दांडा सपाट काचेवर फिरवून पाहिला की मोठा वाक डोळ्याला दिसतो, बारीक वाकासाठी डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारं मापक) लागतो. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून वापरायचा नाही, नवाच टाकायचा. त्याचा गाइडही (दांडा ज्यातून सरकतो ती नळी) तडकलाय का ते पाहून घ्या, व्हॉल्व्ह स्टेम सील सगळेच बदला. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने आडवा, उभा आणि तिरका तपासा. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते.

पिस्टनच्या माथ्यावरची उथळ खूण, कडा गुळगुळीत केल्यावर, सहसा चालते. भेग, भोक किंवा रिंगच्या खाचेजवळ खोल दाब असेल तर पिस्टन बदला. डिझेलमध्ये प्रत्येक पिस्टन वर आणून तो ब्लॉकच्या किती वर येतो ते डायल गेजने मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलाय. याच मापावरून गॅस्केटची जाडी ठरते, आणि ती गॅस्केटच्या कडेवरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात.

बसवताना ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने फुंकून कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा कूलंट साचलं असेल तर बोल्ट आवळताना द्रव दाबला जाऊन ब्लॉकला तडा जातो आणि टॉर्कही खोटा दाखवतो. कोनाने आवळायचे बोल्ट ताणले जातात, म्हणून बहुतेक ठिकाणी ते नवेच वापरायचे असतात. आवळताना मध्यापासून बाहेर, मॅन्युअलच्या टप्प्यांनी.

बेल्ट का सरकला ते शोधल्याशिवाय नवा चढवू नका

बेल्ट सहसा एकटा दोषी नसतो. आयडलर (बेल्टला वाट देणारं चाक) आणि टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणारं चाक) बेअरिंगं हाताने फिरवून बघा. खरखर, डुगडुग किंवा अडकणं, काहीही जाणवलं तर कारण तिथे आहे. वॉटर पंपाचं बेअरिंग बसलं की पुली तिरपी होते आणि बेल्ट कडेने झिजतो. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून गळणारं ऑइल रबर फुगवतं. हायड्रॉलिक टेन्शनर ऑइल सोडत असेल तर तो बेल्ट ताणून धरू शकत नाही. म्हणून बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर आणि, बेल्टनेच फिरत असेल तर, वॉटर पंप एकदम बदला. काही इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे सुटलेले रबराचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जातात, त्यामुळे पॅन काढून जाळी साफ करणं हे कामाचाच भाग आहे.

नवा बेल्ट घडी घालून, पिळून किंवा उलटा दुमडून ठेवू नका, आतले धागे तुटतात आणि वरून दिसत नाहीत. पाठीवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. कॅम आणि क्रँक लॉक पिनने धरा, पण पुलीचा बोल्ट त्या पिनच्या भरवशावर सोडू किंवा आवळू नका. त्यासाठी चाक धरायचं वेगळं टूल असतं. पिनवर जोर आला तर पिन किंवा तिचं भोक मोडतं. बेल्ट क्रँकपासून सुरू करून टेन्शनर नसलेल्या बाजूने चढवत न्या. ती बाजू पूर्ण ताणलेली राहिली पाहिजे, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. स्क्रूड्रायव्हरने बेल्ट ढकलून चढवू नका.

टेन्शनरला दर्शक काटा असेल तर मॅन्युअलने सांगितलेल्या दिशेनेच फिरवून काटा खाचेत आणा आणि नट टॉर्कने आवळा. उलट फिरवला तर काटा बरोबर दिसूनही ताण चुकतो. हायड्रॉलिक टेन्शनर बेंच व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबा, पिन घाला, बसवल्यावर पिन ओढा. ताण इंजिन थंड असतानाच लावायचा. डिझेलमध्ये इंधन पंपाचं चाक आणि काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा वेगळा बेल्ट असतो, त्यांच्याही खुणा जुळवा.

लॉक पिना काढा, मोजा, सगळ्या बाहेर आल्याची खात्री करा. आता हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून चाकांवरच्या खुणा आणि काटा पुन्हा तपासा. बेल्टवर छापलेल्या रेषा दोन फेऱ्यांनंतर खुणांशी जुळणार नाहीत, त्या फक्त बसवताना उपयोगाच्या असतात. चाकांच्या खुणा मात्र अचूक जुळल्या पाहिजेत. अर्धा दात चुकतोय असं वाटलं तर तसंच पुढे जाऊ नका, बेल्ट काढून पुन्हा चढवा.

पहिला स्टार्ट

कूलंट भरून हवा काढा, ऑइलची पातळी बघा. इंधन आणि इग्निशन तोडून सेल्फ काही सेकंद फिरवा, म्हणजे ऑइल वर चढेल. या वेळी कान द्या: प्रत्येक सिलिंडरला सारखा, ठेक्यात येणारा आवाज हवा. मग सगळं जोडून सुरू करा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सुरुवातीला काही मिनिटं टिकटिक येते आणि थांबते. धातूचा ठोका, किंवा बेल्टच्या बाजूने बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला तर लगेच बंद करा; किंचाळणं बहुधा जास्त ताणाचं असतं.

इंजिन तापून पंखा चालू-बंद होईपर्यंत आयडलिंगला ठेवा, गळती बघा, कोड पुसा आणि थोडं चालवून पुन्हा वाचा. हेड काढलं असेल तर ऑइलमध्ये कूलंट आणि घाण उतरलेली असते, म्हणून ऑइल आणि फिल्टर सुरू करण्याआधीच बदला आणि काहीशे किलोमीटरनंतर परत एकदा बदला. त्याच वेळी वरचं कव्हर उघडून काटा जागेवर आहे का आणि बेल्ट चाकाच्या मध्यावर धावतोय का ते बघा. बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर कव्हरवर चिकटवा. बदलण्याची मुदत इंजिनानुसार साधारण ६०,००० ते १,६०,००० किलोमीटर असते, सोबत वर्षांचीही मर्यादा असते, आणि दोन्हींपैकी जी आधी येईल ती धरायची.